न्यूट्रलमधला अर्धा अँपिअर

चाचणीला निघालो तेव्हा निकाल जणू खिशातच होता. ४० वॅटचा एलईडी दिवा, त्याला वीज पुरवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, माझ्या हातचा, आणि दोन आठवडे टेबलावर स्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) नि करंट प्रोब लावून त्याची नाडी पाहून झालेली. तिसरा हार्मोनिक, म्हणजे प्रवाहात मिसळलेला ५० हर्ट्झच्या तिप्पट वारंवारितेचा घटक, ०.१४ अँपिअर, मानकाच्या तक्त्यातली मर्यादा २.३० अँपिअर. सोळापट मोकळी जागा! प्रयोगशाळेतल्या बाईंना नमस्कारानंतर मी पहिले हेच आकडे सांगितले. त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिलं, मग दिव्याकडे.

"हा दिवाच आहे ना?"

"हो."

"मग तक्ता ए क्लासचा का वाचलात?"

पुढचे तीन महिने मी त्या एका प्रश्नाचं उत्तर देत होतो.

घडलं होतं असं. घरगुती वा कार्यालयीन उपकरण वीजजाळ्यातून किती वेडावाकडा प्रवाह ओढू शकतं, हे आयईसी ६१०००-३-२ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरवतं. फेजमागे १६ अँपिअरपर्यंतची उपकरणं त्यात येतात आणि त्यांचे चार वर्ग आहेत. ए मध्ये बहुतेक घरगुती यंत्रं, बी मध्ये हातात धरून वापरायची अवजारं, सी मध्ये दिवे, डी मध्ये टीव्ही, संगणक अशी मंडळी. ए च्या मर्यादा सरळ अँपिअरमध्ये दिल्या आहेत, आणि मी तेवढाच तक्ता पाहून खूश झालो होतो. सी मध्ये, २५ वॅटच्या वरच्या दिव्यांसाठी, त्या टक्क्यांत आहेत: मूळ ५० हर्ट्झच्या प्रवाहाच्या तुलनेत पाचवा हार्मोनिक १० टक्के, सातवा ७, नववा ५, अकराव्यापासून एकोणचाळिसाव्यापर्यंत प्रत्येकी ३. तिसऱ्याचा हिशेब तेव्हाच्या आवृत्तीत वेगळा होता. पॉवर फॅक्टरला (खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार) ३० ने गुणायचं, येतील तेवढे टक्के. माझा पॉवर फॅक्टर ०.६, म्हणजे मला मिळाले १८ टक्के.

चाचणी तरीही झाली. आलोच होतो, पैसे भरले होते. प्रयोगशाळेतला वीजपुरवठा भिंतीतला नव्हता. कपाटाएवढ्या एका इलेक्ट्रॉनिक स्रोतातून २३० व्होल्ट येत होते, आणि त्या व्होल्टेजमध्येच तिसरा हार्मोनिक ०.९ टक्क्यापेक्षा, पाचवा ०.४ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, अशी मानकाची अट. दिवा तापून स्थिर होऊ दिला. यंत्र दर २०० मिलिसेकंदांचा, म्हणजे ५० हर्ट्झच्या दहा आवर्तनांचा, तुकडा उचलतं, त्यातले घटक वेगळे करतं, मग दीड सेकंदाच्या गाळणीतून ते आकडे गुळगुळीत करतं. सरासरी मर्यादेत हवी, आणि एकही गुळगुळीत आकडा मर्यादेच्या दीडपटीवर जायला नको.

पडद्यावर आलं: तिसरा ८८ टक्के, पाचवा ७०, सातवा ४९, नववा ३०.

नापास झाल्याचं दुःख नंतर. आधी मला राग आला तो आकड्यांचा, कारण माझ्या टेबलावर तिसरा ७९ आणि पाचवा ५२ टक्के येत होता. तोच दिवा, तोच ड्रायव्हर. मी म्हटलं, तुमच्या यंत्रात काहीतरी गडबड आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या टेबलावर वीज कुठून येते?"

"भिंतीतल्या सॉकेटमधून."

"प्रवाह मोजलात. सॉकेटमधलं व्होल्टेज कसं दिसतं ते पाहिलंत?"

नव्हतं पाहिलं. सॉकेटमध्ये साइन वेव्ह असते हे मी शाळेपासून गृहीत धरलेलं. ते कोण कशाला तपासतं?

हा माझा ड्रायव्हर म्हणजे तसं जगातलं सर्वांत साधं सर्किट. चार डायोडचा ब्रिज (पुस्तकात याला दिष्टकारी म्हणतात, आम्ही सगळे रेक्टिफायरच म्हणतो) आणि मागे एक धष्टपुष्ट कपॅसिटर. कपॅसिटर जवळजवळ शिखराइतक्या व्होल्टेजला भरलेला असतो. बाहेरचं व्होल्टेज त्याच्या वर चढेपर्यंत डायोड बंदच. म्हणजे दर अर्ध्या आवर्तनाच्या १० मिलिसेकंदांत सात-आठ मिलिसेकंद हा दिवा जाळ्यातून काहीच घेत नाही, आणि शिखराशी दोनेक मिलिसेकंदांत सगळं एकदम ओरपतो. दिवसभर उपाशी राहून एका घासात जेवण उरकणाऱ्या माणसासारखा. हा सुळका म्हणजे ५० हर्ट्झच्या साइन वेव्हवर १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या साइन वेव्ह रचून बनलेली आकृती. कुठलंही आवर्ती वळण असं साइन वेव्हच्या बेरजेत मांडता येतं हे फुरियेने उष्णतेच्या अभ्यासात दाखवलं, त्याचा ग्रंथ १८२२ सालचा. यंत्राने केलं ते तेच, फक्त चाळिसाव्या पदापर्यंत, म्हणजे २००० हर्ट्झपर्यंत.

मी वाद घालायच्या मनःस्थितीत होतो. हाच ड्रायव्हर मी ४० वॅटच्या स्पीकरला लावला असता तर? दिवे सोडून बाकीच्या उपकरणांना ७५ वॅटच्या खाली मर्यादाच नाही. कुणी काही विचारलं नसतं. मग दिव्यानेच काय घोडं मारलंय? आणि मुळात एका दिव्याच्या तिसऱ्या हार्मोनिकच्या ०.१६ अँपिअरने कोणाचं काय बिघडतं? एवढ्या अवाढव्य जाळ्यात?

"तीन नमुने आणलेत ना?" बाईंनी विचारलं. "द्या इकडे."

तो स्रोत तीन फेजचाही होता. त्यांनी आधी प्रत्येक फेजवर एकेक सारखा रेझिस्टर लावला, तिन्हींचा परतीचा रस्ता एकाच न्यूट्रल वायरने. न्यूट्रलमध्ये शून्य. हे मला ठाऊक होतं: तिन्ही प्रवाह १२० अंशांनी मागेपुढे असतात, बेरीज कटते. न्यूट्रल रिकामी राहते म्हणून तर तीन फेजची व्यवस्था इतकी स्वस्त पडते. मग त्यांनी रेझिस्टर काढून माझे तीन दिवे लावले. प्रत्येक फेजमध्ये ०.२९ अँपिअर.

न्यूट्रलमध्ये ०.५०.

मी माझा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा) काढून पुन्हा मोजलं. त्याने न्यूट्रलला ०.४२ दाखवलं, पण फेजला खऱ्याच्या निम्माच आकडा. त्यावर बाई पहिल्यांदा हसल्या. तो मीटर सरासरी मोजून त्यावरून साइन वेव्हचा आकडा अंदाजाने सांगणारा. सुळक्यांचा प्रवाह त्याला कळतच नाही. खरा आरएमएस, म्हणजे तापवण्याच्या ताकदीइतका प्रवाह, मोजणाराच मीटर हवा. म्हणजे एवढे दिवस मी जे जे क्लॅम्पने मोजलं होतं त्यातलं बरंच पाण्यात.

पण ०.५० चं गणित कागदावर मांडलं तेव्हा ते इतकं नेमकं बसलं की गप्प राहिलो. १२० अंशांचं अंतर मूळ लहरीचं. तिसरा हार्मोनिक तिप्पट वेगाने फिरतो, त्याच्यासाठी ते अंतर ३६० अंश होतं, म्हणजे अंतरच नाही. तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये खांद्याला खांदा लावून येतात. नववा, पंधरावाही तसेच. कटण्याऐवजी साचतात. सुळके एकमेकांवर चढत नसतील तर न्यूट्रलचा प्रवाह फेजच्या १.७३ पट होतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून एकाच जाडीच्या वायरीत न्यूट्रल फेजच्या तिप्पट तापते. त्यातून न्यूट्रलवर बहुधा ब्रेकर नसतो, आणि काही जुन्या वायरिंगमध्ये ती फेजपेक्षा बारीक घातलेली असते, कारण तिच्यातून काही वाहणार नाही असा समज. एका दिव्याने नाही बिघडत. पण एखाद्या मोठ्या इमारतीत असे हजार दिवे असतील तर सगळ्यांचा सुळका त्याच क्षणी उठतो, कारण शिखर सगळ्यांना सामायिक आहे. दिव्यांना वेगळा, कडक वर्ग का, तेही इथेच कळलं: ते संख्येने खूप, आणि सगळे एकाच वेळी लागतात.

न्यूट्रल हा एक भाग झाला. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतला भोवरा-प्रवाहांचा तोटा हार्मोनिकच्या क्रमांकाच्या वर्गाने वाढतो, पाचव्याचा एक अँपिअर मूळच्या एका अँपिअरच्या २५ पट. इंडक्शन मोटरमध्ये पाचव्याचं चुंबकीय क्षेत्र उलटं फिरतं आणि मोटरला मागे ओढतं. सर्वांत फसवे ते कपॅसिटर बँक. पॉवर फॅक्टर सुधारायला बसवलेले हे कपॅसिटर जाळ्याच्या इंडक्टन्सशी (वायरी-वेटोळ्यांचा प्रवाहातल्या बदलाला विरोध) मिळून एका ठरावीक वारंवारितेला झुलतात. कोणत्या, ते काढायचं साधं सूत्र आहे: त्या ठिकाणची शॉर्ट सर्किट क्षमता भागिले कपॅसिटरची क्षमता, त्याचं वर्गमूळ. जाळ्याचे २० एमव्हीए आणि कपॅसिटरचे ४०० केव्हीएआर (०.४ एमव्हीएआर) घेतले तर ५० चं वर्गमूळ, सातच्या किंचित वर. म्हणजे सातव्या हार्मोनिकसाठी झोपाळा तयार. कुणीतरी सातव्याचे लहानलहान झोके देत राहिलं की कपॅसिटरचा फ्यूज जातो आणि कुणाला कळत नाही का गेला. सुधारणेसाठी बसवलेली वस्तू बिघाडाचं केंद्र होते.

मला एक प्रश्न पडला होता, तो त्या दिवशी विचारलाच. हे सगळं जाळ्याचं दुखणं असेल तर वीजवाल्यांनी ट्रान्सफॉर्मरपाशी फिल्टर बसवावेत, माझ्या पाच बोटांएवढ्या ड्रायव्हरवर का बोजा? बाईंचं उत्तर असं. मोठ्या कारखान्याशी जोडणीच्या वेळी बसून बोलता येतं. आयईईई ५१९ हे दुसरं मानक तेच करतं, १९८१ पासून: ग्राहक जिथे जाळ्याला जोडला जातो त्या जागी मोजायचं, सध्या १ केव्हीपर्यंत व्होल्टेजमधली एकूण विकृती ८ टक्क्यांच्या आत. पण प्रत्येक घराच्या दारात मीटर घेऊन कोण उभं राहणार? घरात काय लागलंय ते रोज बदलतं. मग धरायची जागा एकच उरते, ती उपकरण बनतं तिथली. कमी दाबाच्या जाळ्यात तिसरा हार्मोनिक ५, पाचवा ६, एकूण ८ टक्के एवढं व्होल्टेज बिघडलं तरी सगळी उपकरणं चालली पाहिजेत, असा एक तह आयईसी ६१०००-२-२ मध्ये आहे. उपकरणाची सोसायची ताकद या रेषेच्या वर ठेवायची आणि सगळ्यांच्या सांडण्याची बेरीज रेषेच्या खाली. माझे १८ टक्के हा त्या बेरजेतला माझा वाटा.

वाटा न्याय्य आहे का, हे वेगळं. माझं मत अजूनही असं की ए क्लास सैल आहे. १०० वॅटच्या यंत्रालाही तिसऱ्यासाठी २.३० अँपिअर, म्हणजे त्याचा सगळा प्रवाह विद्रूप असला तरी पास. बाईंनी यावर वाद घातला नाही. मानक म्हणजे वीजवाले आणि उत्पादक यांच्या ओढाताणीतून निघालेली तडजोड, एवढंच म्हणाल्या, आणि एक गंमत सांगितली. मानकाचा पूर्वज आयईसी ५५५-२ हा १९८२ चा. १९९५ च्या आवृत्तीत डी वर्ग लहरीच्या आकारावरून ठरायचा: प्रवाह एका आखलेल्या चौकटीच्या आत राहिला तर तुम्ही डी, नियम कडक. मग काही डिझायनरांनी काय केलं, लहर सुधारण्याऐवजी ती चौकटीच्या जरा बाहेर डोकावेल अशी वाकडी केली, की झाले ए. युरोपात १ जानेवारी २००१ पासून हे मानक सक्तीचं झालं, त्याच सुमाराच्या दुरुस्तीत चौकट गेली आणि डी वर्गात कोण ते नावानिशी आलं. हे ऐकून मला जरा हायसं वाटलं. पळवाट शोधणारा मी पहिला नव्हतो. मी तर मनात २०-२० वॅटचे दोन ड्रायव्हर करून २५ वॅटच्या खालच्या सवलतीत शिरायचं गणित मांडत होतो. तिथे एका पर्यायात तिसरा ८६ आणि पाचवा ६१ टक्क्यांपर्यंत चालतो. माझे ८८ आणि ७०. तिथेही दार बंद.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते सॉकेटमधलं व्होल्टेज स्कोपवर लावायचं. साइन वेव्हचं डोकं कापलेलं! शिखर ३२५ व्होल्टला हवं, ते ३१३ ला येऊन सपाट झालेलं, पठारासारखं. रात्री उशिरा पाहिलं तर थोडं गोल, संध्याकाळी पुन्हा चपटं. आसपासच्या सगळ्या रेक्टिफायरांनी एकाच क्षणी शिखर ओरपलं की वायर आणि ट्रान्सफॉर्मरच्या इंपिडन्सवर (प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यावर) नेमका तेवढ्याच वेळ व्होल्टेजचा ऱ्हास होतो, म्हणून शिखर बसतं. आणि चपट्या शिखरावर माझ्या कपॅसिटरचा सुळका जास्त रुंद, जास्त बुटका होतो. माझे टेबलावरचे ७९ टक्के असे आले होते. माझा दिवा चांगला दिसत होता कारण इतरांनी शिखर आधीच खाल्लेलं होतं.

दुरुस्तीच्या पहिल्या फेरीत मी कंजूषपणा केला. दोन कपॅसिटर आणि तीन डायोडचं व्हॅली-फिल सर्किट. कपॅसिटर भरताना एकामागे एक, रिकामे होताना शेजारी-शेजारी, त्यामुळे प्रवाह साधारण ३० अंशांपासून १५० अंशांपर्यंत वाहतो. पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर गेला, तिसरा मर्यादेत बसला. पण पाचवा १९, सातवा १३, अकरावा ८ टक्के. आता लहरीचा आकार जवळपास चौकोनी झाला होता, आणि चौकोनाचे कोपरे वरच्या हार्मोनिकांत दिसतातच. हे मला आधी कागदावर कळायला हवं होतं. दुसरी फी भरल्यावर कळलं.

मग मुकाट्याने बूस्ट कन्व्हर्टर. छोटी चिप, एक कॉइल, एक मॉस्फेट (वेगाने उघडमीट करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). व्होल्टेज ४०० वर नेऊन ठेवायचं, शिखराच्या वर, म्हणजे कोणत्याही क्षणी जाळ्यातून प्रवाह ओढता येतो आणि चिप तो प्रवाह व्होल्टेजच्या आकारात घडवते. ऐकायला सोपं. माझी पहिली चूक अशी की उजेडातली १०० हर्ट्झची थरथर मारायला मी व्होल्टेजचा लूप (ते ४०० वर धरून ठेवणारं नियंत्रण) वेगवान केला. लूपने ती थरथर मारण्याच्या नादात प्रवाहालाच १०० हर्ट्झने हलवायला सुरुवात केली, आणि १०० ची ५० शी गाठ पडली की १५० जन्माला येतं. तिसरा ७ वरून १९ टक्क्यांवर. नापास नव्हे, पॉवर फॅक्टर ०.९७ म्हटल्यावर मर्यादा २९ होती, पण डोळ्यांना सहन होईना. लूप पुन्हा मंद केला आणि थरथर दुसऱ्या टप्प्यावर सोपवली.

तिसऱ्या भेटीत खरं अडलं ते अकराव्या नि तेराव्याला: ३.४ आणि ३.२ टक्के, मर्यादा ३. इतकं जवळ येऊन! बाईंनी स्कोपवर शून्यापाशी बोट ठेवलं. तिथे प्रवाह जरा वेळ मेलेला होता. ब्रिजच्या मागे मी ०.४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावलेला, स्विचिंगचा गोंगाट गाळायला. व्होल्टेज शून्याकडे उतरताना तो पुरता रिकामा व्हायचा नाही, तेवढा वेळ ब्रिज बंद राहायचा. रस्त्यात खड्डा लहान असला तरी गाडी उडतेच, तसा हा मृत क्षण वरच्या हार्मोनिकांत उमटत होता. मागे ०.१ ठेवला, उरलेला ब्रिजच्या पुढे नेला. गोंगाट तेवढाच गाळला जातो, पण पुढचा कपॅसिटर जाळ्याबरोबर वरखाली होतो, ब्रिजला अडवत नाही.

चौथ्या भेटीत अकरावा १.६, तेरावा १.३, पाचवा १.१. सगळ्या ओळी मर्यादेखाली. बाईंनी अहवालावर सही केली आणि तीन दिवे पुन्हा तीन फेजवर लावायला सांगितले. न्यूट्रलमध्ये आता काही मिलिअँपिअर. माझा क्लॅम्प मीटर तर ते मोजूच शकला नाही.

परतल्यावर तो पास झालेला दिवा टेबलावर लावला आणि सवयीने प्रोब अडकवला. पाचवा ३.४ टक्के. क्षणभर पोटात गोळा आला, मग व्होल्टेजचा स्कोप पाहिला. संध्याकाळची वेळ, डोकं कापलेली लहर, आणि माझ्या दिव्याचा प्रवाह तिच्या मागोमाग तसाच चपटा. व्होल्टेजची हुबेहूब नक्कल कर असं मीच त्याला शिकवलं होतं.